मृगाचं डोकं

राजूरच्या आभाळातून आणि राजूरकरांच्या बोलण्यातून जे गेलं किंवा जायला लागलंय, त्याची ही यादी. नोंदी वेगवेगळ्या आहेत, पण त्या लिहायला लावल्या एका फिकट ताऱ्यानं. तो मृगाच्या डोक्यात आहे.

तिकांडं

एका रेषेत तीन तारे, सारख्या अंतरावर. पुस्तकात तो मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण. आमच्या घरात तिकांडं. त्यातला एक तारा आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेला आहे, म्हणून तिकांडं ऐन पूर्वेला उगवतं आणि ऐन पश्चिमेला मावळतं. दिशा कळायची आणि वेळही. भातकापणीच्या दिवसांत आजी पडवीतून हाक द्यायची, "पोरा, तिकांडं कुठवर आलं बघ रं." मी अंगणात जाऊन यायचो. "कललं, आज्जे." मग चूल पेटायची, आणि उजाडायच्या आत सगळी माणसं खाचरात असायची. घरात घड्याळ होतं, पण रात्रीची वेळ आजीनं त्याला कधी विचारली नाही.

तिकांडं अजून दिसतं. ते ठळक आहे, गावातल्या उजेडालाही पुरून उरतं. माझ्या पुतण्याला ते बोटानं दाखवता येतं, नाव मात्र त्याच्याकडे नाही.

बाजलं

सप्तर्षींतले चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. गोष्ट एवढीच. ती सांगायला आधी अंगणात बाज टाकून पडावं लागतं.

डोकं

तिकांड्याच्या चहूकडे चार तेजस्वी तारे आहेत, ते हरणाचे पाय. त्यातली काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. काक्षीच्या बाजूच्या दोन पायांच्या मधोमध, थोडं उत्तरेकडे सरकून, तीन बारक्या ताऱ्यांचा इवलासा त्रिकोण आहे. हे मृगाचं शिर. नक्षत्राला नाव मिळालं ते यावरून, मार्गशीर्ष महिन्यालाही यावरूनच. सगळ्या हरणात सगळ्यात फिकट भाग हाच, आणि नाव त्याचंच झालं. ज्यांनी ते ठेवलं त्यांना हे तीन तारे सहज दिसत असणार, इतके सहज की त्यांच्यावरून महिना ओळखावा.

ताऱ्याचा फिकटपणा आकड्यात सांगतात. आकडा मोठा तितका तारा मंद. निबिड अंधारात धड डोळ्याला साधारण सहापर्यंतचे तारे दिसतात. डोक्यातल्या तिघांचे आकडे ३.४, ४.१ आणि ४.४. पहिला तो योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राची खूण म्हणून नेमलेला तारा. अरबीतून आलेलं त्याचं नाव मेइसा. त्याचा अर्थ 'चमकणारा', आणि ते मुळात मिथुन राशीतल्या एका ताऱ्याचं होतं, चुकून इकडे येऊन चिकटलं.

चूक असली तरी नाव खोटं नाही. हा तारा सूर्याच्या लाखापटीहून अधिक ऊर्जा ओततो. त्याचं वस्तुमान पंचवीस-तीस सूर्यांच्या घरात आहे. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३५,००० केल्विन. सूर्याचं ५,८०० च्या आतबाहेर. सहापट तापमान म्हणजे सहापट उजेड असं नसतं. तापमानाचा चौथा घात घ्यावा लागतो. त्यामुळे सूर्याच्या एका परातीएवढ्या तुकड्यातून जितकी ऊर्जा निघते, तिच्या हजार-तेराशेपट या ताऱ्याच्या तेवढ्याच तुकड्यातून निघते. त्याच्या अंगावरून सुटणारा वारा सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या आसपास धावतो.

मग फिकट का? एक तर लांब आहे. तिथून निघालेल्या प्रकाशाला इथं यायला हजाराहून अधिक वर्षं लागतात. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे दगड घडत होते त्याच्या आगेमागे निघालेला उजेड आपण आज पाहतो. आणि दुसरं, त्याचा बहुतेक प्रकाश आपल्या डोळ्यांसाठी नाहीच. तो जंबुपार आहे, जांभळ्याच्याही पलीकडचा. सूर्याचा प्रकाश आपल्याला दिसणाऱ्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर सगळ्यात तीव्र असतो. या ताऱ्याचा शिखरबिंदू त्या पट्ट्याच्या पार बाहेर, सूर्याच्या एक-षष्ठांश तरंगलांबीवर पडतो. आपल्याला दिसते ती त्याच्या तेजाची किनार.

लोहाराचा भाता

बाजाराच्या दिवशी कडेला लोहाराचं बिऱ्हाड असायचं. भाता चामड्याचा, ओढायला बाई, ऐरणीवर घण मारायलाही तीच. विळे पाजवायला नेऊन मी तिथं तासन्‌तास उकिडवा बसायचो. पातं कोळशात घातलं की आधी काळंच. मग मळकं तांबडं. मग कुंकवाचं. मग झेंडूचं. त्यापुढे हळदीसारखं, आणि त्याच्याही पुढे पांढुरकं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की लोखंड जळायला लागलं, काम बिघडलं. लोहार झेंडूवर डोळा ठेवून असायचा. तो रंग आला की सांडशीनं पातं बाहेर, दोन-चार घाव, पुन्हा आत. शेवटी पाणी द्यायचा, चर्र आवाज व्हायचा. मापक कुठलंच नव्हतं. तापमान तो रंगावरून वाचत होता.

तारे वाचायची रीत हीच. काक्षी तांबूस म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. सूर्य त्याच्या वर. राजन्य निळसर, बारा हजारांच्या घरात. मृगाच्या डोक्यातला योगतारा पस्तीस हजार, निळा. लोहाराच्या भट्टीत निळ्यापर्यंत जाता येत नाही, कारण लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. पांढऱ्याच्या पुढची पायरी बघायची तर वरच बघावं लागतं.

मेघनाद साहांनी १९२० मध्ये हे रंगांच्या पलीकडे नेलं. किती तापमानाला कुठल्या मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, याचं समीकरण त्यांनी मांडलं. त्यामुळे ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा बघून तापमान सांगता येऊ लागलं. हेलियमचा इलेक्ट्रॉन सहजी सुटत नाही. सुटलेल्या हेलियमच्या रेघा ज्या ताऱ्यांत दिसतात ते सगळ्यांत तप्त. त्या वर्गाला 'ओ' हे अक्षर दिलंय आणि आपला योगतारा त्यातला आहे. असे तारे फार कमी जन्मतात. सूर्याच्या आसपासच्या टापूत लाखो ताऱ्यांमागे एखादा.

लोहाराचं बिऱ्हाड आता येत नाही. विळे दुकानात तयार मिळतात, प्लॅस्टिकच्या मुठीचे.

इल्वला

मृगाच्या डोक्यातल्या बारक्या ताऱ्यांना अमरकोशात वेगळं नाव आहे, इल्वला. तीन फिकट ठिपक्यांना स्वतंत्र शब्द. मराठीत तो रुळला नाही, किंवा रुळून गेला असेल. मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. इथं लिहून ठेवतो.

या इल्वलांतला एक परका आहे. ४.१ वाला तारा पिवळसर नारिंगी, वयस्क, आणि आपल्यापासून अवघ्या सव्वाशे प्रकाशवर्षांच्या आत. बाकीचे दोघे त्याच्या किती तरी मागे, एकमेकांच्या शेजारचे, दोघेही निळे. इथून बघताना तिघे एका वळणावर येतात.

निळेपण

हे डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, हे आधीच सांगायला हवं. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी बघतो त्यांना रंग कळत नाही. रंग कळणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो, आणि फिकट ताऱ्याकडे तो नसतो. म्हणून पस्तीस हजार अंशांचा निळा तारा अंगणातून पाहिला तर राखाडी पांढरा ठिपका वाटतो. साधी दुर्बीण लावली की निळसर झाक येते. त्याच दुर्बिणीतून लगेच काक्षीकडे वळावं, म्हणजे फरक डोळ्यात भरतो.

अंधारात बघायच्या पेशी बुबुळाच्या ऐन मध्याच्या मागे नसतात, बाजूला असतात. त्यामुळे फिकट तारा बघायचा तर त्याच्याकडे थेट बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. आजी म्हणायची, "डोळं रोखू नको, जरा बाजूला बघ, आपसुक दिसंल." हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मीही हे कुणाला सांगितलं नव्हतं, गेल्या वर्षीपर्यंत.

मृग

सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. मृग लागला म्हणतात तो हाच. त्याआधी राब भाजून झालेले असतात, बियाणं काढून ठेवलेलं असतं, इरली सारखी केलेली असतात. आमच्या तालुक्याच्या डोंगराळ भागात अजून कुणी मृगावरच पेरणीचा हिशेब धरतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी जपलेली बियाणी याच हिशेबात वाढलेली आहेत.

पण ज्या पंधरवड्यात मृगाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, त्याच पंधरवड्यात मृग आकाशात दिसत नाही. सूर्यच त्याच्या घरात बसलेला असतो. डोक्यातला तारा दिवसभर सूर्यासोबत डोंगरांवरून जातो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. तो बघायचा तर मार्गशीर्ष-पौषात, थंडीत. राजूरच्या अक्षांशावर तो तेव्हा जवळजवळ डोक्यावर येतो, माथ्यापासून दक्षिणेला दहाएक अंश. बघायला उताणंच पडावं लागतं. ज्याचं नाव घेऊन जूनमध्ये पेरायचं, तो जानेवारीत बघून ठेवायचा. ही सांगड घालणारी माणसं कमी झाली. आता मृग म्हणजे कॅलेंडरवरचा चौकोन.

मृगाचा किडा

लाल मखमली. पहिल्या सरींनंतर बांधावर निघायचा. काडेपेटीत ओली माती घालून त्यात ठेवायचो, संध्याकाळी परत सोडायचो. गेल्या मृगात मी बांधावर चार दिवस शोधला. एक दिसला.

काजवे

मे संपता संपता भंडारदऱ्याच्या अंगाला, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर या बाजूला हिरड्याची, बेहड्याची, जांभळाची, सादड्याची झाडं लुकलुकायला लागतात. पाऊस धरला की काजवे संपतात. त्यांचा उजेड थंड असतो, पोटातल्या रसायनांतून निघालेला. नर उजेडाची खूण करतो, मादी ती बघून उत्तर देते. मधे गाडीचे दिवे आले की खूण पोचत नाही. इथल्या अभयारण्यात जाताना हे दर वर्षी सांगितलं जातं, दिवे बंद ठेवा म्हणून विनवलं जातं, आणि शनिवारच्या रात्री रस्त्यावर दिव्यांची रांग लागलेली असते. मी एका रात्री सादड्याच्या झाडाखाली उभा होतो. झाड सबंध एका तालात उघडझाप करत होतं. वळणावरून एक गाडी आली, मोठा दिवा झाडावर पडला, आणि झाड विझलं. गाडी गेल्यावर ते पुन्हा पेटलं, पण तुकड्यातुकड्यानं. ताल परत लागायला बराच वेळ गेला.

६५०० के

आमच्या गल्लीतल्या खांबावर पूर्वी पिवळा सोडियमचा दिवा होता. आता पांढरा एलईडी आहे. किराणा दुकानात बल्ब घेताना खोक्यावर बघावं, ६५०० के असं छापलेलं असतं, कुठं ३००० के. तो 'के' म्हणजे केल्विन, ताऱ्याच्या तापमानातला. बल्ब काही तेवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या रंगाचा उजेड तो देतो, एवढाच अर्थ. तीन हजारांचा पिवळा, साडेसहा हजारांचा निळसर पांढरा.

निळसर उजेडात बघायला स्वच्छ वाटतं, वीजही कमी लागते. घरात, दवाखान्यात, रस्त्यावर उजेड हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करून ज्यांचे डोळे गेले त्यांच्या घरातला मी आहे. पण हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, आभाळ निळं दिसतं ते त्याचमुळे. एलईडीतला निळा भाग सोडियमच्या पिवळ्याच्या जवळपास तिप्पट विखुरतो. दिव्याला वरून झाकण नसेल, तर तो वर जातो आणि गावावर पांढुरका पडदा धरतो. पडद्यामागे आधी ४.४ वाला तारा जातो, मग ४.१ वाला, मग ३.४ वाला. हरणाचं डोकं अशा क्रमानं जातं. पाय राहतात, बाण राहतो.

बसस्टँडचा उजेड, पेढ्यांच्या दुकानांचे बोर्ड, लग्नाच्या लॉनवरचे फोकस, आणि भंडारदऱ्याच्या धरणाकडे तंबूंवर लावलेल्या लाइटिंगच्या माळा, सगळं मिळून तो पडदा होतो. उत्तरेच्या क्षितिजावर नाशिकचा उजेड वेगळा. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या सामान्य लोकांनी डोळ्यांनी केलेल्या तारानोंदी एकत्र करून २०२३ मध्ये हिशेब मांडला गेला. रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. ज्या गावात मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथं ते अठरा वर्षांचं होईतो शंभर उरतील, असं त्या संशोधकांनीच उदाहरण दिलं.

पुण्यातली दुर्बीण

१८८८ पासून पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला वेधशाळा चालवत होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली. वीस इंची परावर्ती दुर्बीण, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी. मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी पुण्यातून अभ्यासला होता. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज पुण्याच्या मध्यावरून तो तेजोमेघ बघायला कुणी बसत असेल तर त्याला माझा नमस्कार.

वय

कळसूबाईचा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे, दख्खनच्या लाव्ह्याचा. मृगाच्या डोक्यातला निळा तारा सुमारे पन्नास लाख वर्षांचा. म्हणजे डोंगर ताऱ्याहून बारा-तेरापट म्हातारा. तारा जन्मला तेव्हा सह्याद्री झिजायला लागून युगं लोटली होती.

असे तारे इंधन उधळतात आणि लवकर संपतात. सूर्याला एकूण हजार कोटी वर्षं मिळतात, याला काही लाख ते काही दशलक्ष वर्षं अजून, मग स्फोट. त्याच्या भोवती वायूचं प्रचंड कडं आहे, दीडशेएक प्रकाशवर्षं रुंद. दहाएक लाख वर्षांपूर्वी त्याच्याच एका भावंडाचा स्फोट झाला असावा आणि त्यानं हे कडं बाहेर लोटलं असावं, असं अभ्यासक मानतात. कड्याच्या आतला हायड्रोजन या ताऱ्याच्या जंबुपार किरणांनी तांबडा पेटलेला आहे. आभाळात तो पूर्ण चंद्राच्या दहापटीहून रुंद पसरलाय, पण इतका विरळ की बराच वेळ उघडा ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच तो दिसतो. हरणाच्या डोक्याभोवती अशी प्रभावळ आहे, हे मला पन्नाशीनंतर कळलं. त्या रात्री मी गच्चीवर जाऊन तिथं बघत राहिलो. दिसणार नव्हतं, ठाऊक होतं.

अंधार

ही वस्तू यादीत घालावी का, यावर मी अडलो होतो. पण तीही जपावी लागते असं आता सरकारी कागदावर आलंय. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरकडचा पेंच व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. तिथल्या आसपासच्या गावांतल्या दिव्यांना झाकणं बसवली, उजेड खाली वळवला. दिवे बंद केले नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. रतनवाडीच्या पुढे, घाटघरच्या कड्यावर अजून खरा अंधार शिल्लक आहे. डोळे मुरायला वीस-तीस मिनिटं द्यावी लागतात. मोबाइल एकदा उघडला की ती परत पहिल्यापासून.

वही

दोन थंड्या मी नोंदी ठेवतोय. लिहायचं एकच: डोक्यातले किती दिसले.

रतनवाडी, धरणाचा काठ, पौष अमावास्या, रात्री दहा. तिन्ही. थेट बघूनही.

राजूर, घराची गच्ची, दुसऱ्या रात्री, तीच वेळ. एक.

नाशिक, बहिणीकडे, सातवा मजला. एकही नाही. पाय चारही, तिकांडं पूर्ण.

राजूर, गच्ची, माघातली वद्य तृतीया, चंद्र उगवायच्या आधी. खांबावरचा दिवा पाण्याच्या टाकीआड येईल असा बसलो. पुतण्या सोबत. मोबाइल खाली ठेवायला लावला. वीस मिनिटं बोललो नाही. मग त्याला म्हटलं, डोळे रोखू नकोस, जरा बाजूला बघ. मला दोन. त्याला तीन.